बारीकरावांची उजवी बाजू

बारीकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खुर्चीत गिऱ्हाईक बसलं, गळ्याभोवती कापड बांधून झालं, की ते आरशात बघून एकच प्रश्न विचारत, "मागे बारीक ना?" गिऱ्हाइकानं काहीही उत्तर दिलं तरी मागे बारीकच व्हायचं, ही गोष्ट वेगळी. त्यावरून गल्लीनं त्यांना हे नाव चिकटवलं. पुढे पोट इतकं सुटलं की पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, पण नाव काही सुटलं नाही.

दुकान एवढंसं. दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीशी एक बाक आणि त्यावर पानं गळालेली मासिकं. डावी खुर्ची बारीकरावांची. उजवी त्यांनी चिरंजीवांसाठी घेतली होती, चांगली वरखाली होणारी, मान टेकवायला गादी असलेली. तिच्यावर आता रद्दीचा गठ्ठा बसायचा. आठवड्यातून एकदा बारीकराव तो गठ्ठा उचलून खुर्ची पुसत आणि गठ्ठा परत तिथेच ठेवत.

चिरंजीव सैन्यात भरती झाले होते. त्याला आईबापाचा विरोध नव्हता. पण पोरगा जाताना दारात उभा राहून एक वाक्य बोलून गेला. म्हणाला, "बाबा, मला जन्मभर लोकांच्या मागे उभं राहायचं नाही." आता यात खोटं काय होतं? केस कापणारा उभा राहतो तो लोकांच्या मागेच. पण बोलणं खरं आहे म्हणून ते गोड मानून घ्यावं असा काही कायदा नाही, आणि बारीकरावांनी ते मनाला लावून घेतलं.

तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईमार्फत चालायचं. फोन आला की आई घ्यायची. बारीकराव शेजारी बसून कंगवे पुसत असल्याचं नाटक करायचे आणि मध्येच म्हणायचे, "विचार त्याला, जेवतो का नीट." पलीकडून लगेच आवाज यायचा, "आई, सांग त्यांना, जेवतो म्हणावं." दोघंही एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलत, तरी मधल्या बाईला दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणावी लागत. ती बिचारी घरी शाळांचे गणवेश शिवायची. शिवणयंत्र थांबवून, दोरा दातात धरून ही निरोपांची ने-आण करायचा तिला मनस्वी कंटाळा आला होता.

असाच एक दिवस फोन आला. शहरात दरवर्षी एका जुन्या लढाईच्या आठवणीसाठी सैन्याचं संचलन व्हायचं, त्यात या वर्षी पोराची तुकडी होती. "आई, तुम्ही दोघं या," तो म्हणाला. "उजव्या बाजूला बसा. व्यासपीठाजवळ आलो की आम्ही सगळे उजवीकडे मान वळवतो. तिथे बसलात तर तुम्हाला माझं तोंड दिसेल, मलाही तुम्ही दिसाल. भेट मात्र नाही व्हायची. संचलन संपलं की ट्रकमध्ये बसून परत."

"कसा आहेस रे तू?" आईनं विचारलं.

"मजेत आहे. अगदी मजेत. सांग त्यांनाही, मजेत आहे म्हणावं."

फोन ठेवल्यावर आईनं यंत्राच्या चाकावर हात ठेवला, पण ते फिरवलं नाही. "तीनदा मजेत म्हणाला," ती म्हणाली. "मजेत असलेला माणूस असं तीनतीनदा सांगत नाही. मला एकदा त्याचं तोंड बघू दे, म्हणजे खरं काय ते मला कळेल."

"तुला जायचं तर मी येतो सोबत," बारीकराव म्हणाले. "मला काही बघायचं नाही. आपलं तुला एकटीला गर्दीत कसं सोडायचं म्हणून."

एवढं बोलून त्यांनी दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसेल त्याला सांगायला सुरुवात केली, की या दिवशी दुकान बंद राहील, आमचा मुलगा संचलनात आहे. ज्याला आधी सांगितलं होतं त्यालाही सांगितलं. एकाला तर अर्धी दाढी झालेली असताना सांगितलं आणि मग तुकडी, हुकूम, पावलं यांचं वर्णन करत त्याला साबणात तसाच वाळवला. बघायचं काही नसलेल्या माणसाचा हा उत्साह. खरं सांगायचं तर त्यांना एकच गोष्ट बघायची होती. पोराच्या मनात आपल्याबद्दल काही शिल्लक आहे की नाही. ते तोंडावर दिसतं का हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण फोनवर तरी ते ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवशी उजाडता उजाडता दोघं मुख्य रस्त्यावर हजर. रस्ता धुतलेला, दोन्ही कडांना दोर ताणलेले, दोरांच्या मागे फळ्यांच्या चढत्या पायऱ्या. मधोमध एका बाजूला व्यासपीठ, त्याला झालरी, पुढे कुंड्या. लोक अजून तुरळकच होते, त्यामुळे वाटेल तिथे बसायची मुभा होती. माणसाच्या हातून चूक व्हायची तर ती अशीच, भरपूर जागा मोकळी असताना होते.

बारीकराव रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले. संचलन कुठून येणार ते एका पोलिसाला विचारून घेतलं. त्या दिशेला तोंड केलं, उजवा हात बाहेर काढला आणि म्हणाले, "ही उजवी बाजू."

"अहो, पण ते समोरून येणार ना?" बायको म्हणाली. "मग त्यांची उजवी बाजू ती पलीकडची."

"अगं, समोरून आले म्हणून उजवा हात डावा होतो का? गिऱ्हाईक माझ्या समोर असतं. त्याचा उजवा कान कुठे असतो? माझ्या उजव्या हाताला. आजवर एकाचा तरी कान चुकलाय?"

कान खरंच चुकला नव्हता. पण तो चुकणार कसा? बारीकरावांनी उभा जन्म माणसाच्या पाठीमागे उभं राहून काढला होता. गिऱ्हाईक आरशाकडे बघतंय, हेही आरशाकडे बघतायत. दोघांची तोंडं एकीकडे, दोघांचे उजवे हात एकीकडे. तोंड समोर दिसतं ते आरशातलं. समोरून चालत येणाऱ्या हाडामासाच्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो ही साधी गोष्ट त्यांच्या धंद्यात कधी उपयोगाला आली नव्हती. बायकोला हे जाणवत होतं, पण पहाटे उठून तिचे डोळे जड झाले होते, आणि बारीकराव एवढ्या ठामपणे बोलत होते की तिला वाटलं, असेल बाबा सैन्यात काही वेगळं.

शिवाय तिथे बसल्यावर व्यासपीठ बरोबर समोर दिसायला लागलं. "बघ," बारीकराव फळीवर हात आपटत म्हणाले, "सोन्याहून पिवळं. पाहुणेही दिसतील आणि पोरगाही."

हळूहळू गर्दी भरली. त्यांच्या शेजारी एक उंच, वाळके आजोबा येऊन बसले. अंगात जुना कोट, कोटावर बिल्ल्यांची ओळ, हातात काठी. ते स्वतः त्या लढाईत होते. बारीकरावांनी बसल्या बसल्या त्यांना आपली सगळी कहाणी सांगून टाकली. मुलाच्या तुकडीच्या खांद्यावर लाल गोंडे असतात, इथपर्यंत. आजोबांनी लाल गोंडे ऐकून मान डोलावली आणि विचारलं, "मग तुम्ही या बाजूला कसे?"

"उजवी बाजू म्हणून," बारीकराव म्हणाले.

आजोबा काही बोलणार, तेवढ्यात तोफ झाली.

सगळं शहर गप्प झालं. लढाईत गेलेल्यांसाठी हजारो लोक उभे राहिले आणि टोप्या उतरल्या. बारीकरावांच्या समोर एकाएकी उघड्या डोक्यांचा समुद्र पसरला. धंदाच तो, नजर आपोआप फिरायला लागली. हा घरीच कापून घेतो, याचे रंगवलेले, याला टक्कल पडायची वेळ आली पण अजून कबूल नाही. मग त्यांना शेजारी आजोबांचे ओठ हलताना दिसले. आजोबा नावं घेत होते. एकामागून एक, हलक्या आवाजात, हजेरी घेतल्यासारखी. बारीकरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी मान खाली घातली आणि नावं संपेपर्यंत वर केली नाही.

मग बँड वाजला आणि अंगावर काटा आला. असं काही होईल याची बारीकरावांना कल्पना नव्हती. ढोलाचा ठोका छातीत बसायचा आणि पाय आपोआप हलायचे. रस्त्याच्या टोकाला पहिली तुकडी दिसली. लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या, मागच्या फळीवर कुणीतरी शिट्टी घातली. बायकोनं पदरानं चष्मा पुसला.

तुकडी जवळ आली. हुकूम सुटला आणि सगळ्या माना एका झटक्यात वळल्या. पलीकडे.

बारीकराव आणि त्यांच्या बायकोसमोरून मागच्या बाजूनं भादरलेल्या मानांची रांगच्या रांग निघून गेली. टोपीची मागची कड, खाली मान, खाली कॉलर. तोंड एकाचंही नाही.

बायकोनं सावकाश मान वळवली आणि नवऱ्याकडे पाहिलं. तिचं बोलणं परवडायचं, हे बघणं नव्हे.

"पहिलीच तुकडी आहे," बारीकराव म्हणाले. "गडबड झाली असेल त्यांची."

दुसरी तुकडी आली. तिचीही गडबड झाली. तिसरीचीही झाली तेव्हा बारीकरावांच्या कपाळावर घाम आला. आजोबांना दया आली असावी. ते काठीवर जोर देऊन उठले, वळून बारीकरावांच्या पुढ्यात समोरासमोर तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी आपला उजवा हात बाहेर काढला. "हा माझा उजवा. तुमच्या कुठल्या बाजूला आला?"

बारीकरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांच्या दुकानात असं समोरासमोर कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं. लोक पैसे देतानासुद्धा आरशात बघून भांग सारखा करत असायचे. "डाव्या," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"व्यासपीठ असतं त्या बाजूला बघायचं असतं," आजोबा म्हणाले. "इकडच्यांना आमच्या मानाच दिसतात."

आता मात्र बायकोचा बांध फुटला. "जन्मभर आरशात बघितलंत ना, आता बघा मानगुटं. महिनोन्‌महिने वाट बघितली मी या दिवसाची. पोराचं तोंड तरी दिसेल म्हणून पहाटे उठून आले. आणि गणवेश शिवणाऱ्या बाईला तुम्ही काय सांगणार, एकदा का सगळ्यांच्या अंगावर सारखे कपडे चढले की सख्ख्या आईलासुद्धा मागून पोर ओळखू येत नाही. शाळा सुटताना रोज बघते मी."

बारीकराव उठले, लोकांच्या पायांवरून उतरत दोरापाशी गेले आणि पोलिसाला म्हणाले की आम्हाला जरा पलीकडे जायचंय. "आता रस्ता ओलांडता येणार नाही, काका," पोलीस म्हणाला. "मुलगा आहे हो संचलनात." "सगळ्यांचेच आहेत, काका." बारीकराव पुन्हा तेच पाय तुडवत वर आले. लोकांनी शिव्या दिल्या नाहीत, हा त्या दिवसाचा चांगुलपणा.

"तुम्ही का बसता मग या बाजूला?" त्यांनी आजोबांना विचारलं. तुम्हाला तर माहीत होतं, असा त्यात थोडा राग होता.

आजोबा हसले. "मी चालायचो तेव्हा या बाजूच्या टाळ्या नुसत्या ऐकू यायच्या. माणसं कधी दिसली नाहीत. म्हटलं, आपण बसावं तिथे एकदा. बसलो, ते बसतोच आहे दरवर्षी."

तुकड्या येत होत्या, जात होत्या. करायचं काय? बारीकराव माना बघायला लागले. बघायला तेच होतं. आणि माणसाचा स्वभाव असा, की थोड्या वेळानं त्यांना त्यात गोडी वाटायला लागली. "बघा, हे मशीनचं काम," ते आजोबांना सांगू लागले. "खाली चौकोनी रेघ मारून दिली की झालं. फूटपट्टी लावल्यासारखी. चार दिवसांत खुंट येतात आणि मग मान कुंपणासारखी दिसते." आजोबांनी नकळत हात मागे नेऊन आपली मान चाचपली. "तुमची ठीक आहे," बारीकराव म्हणाले. बायको दुसरीकडे तोंड करून बसली होती, पण ऐकत होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं आणि तिनं ते लगेच गिळलं.

मग लाल गोंडे दिसले.

बायको ताडकन उभी राहिली. बारीकराव फळीवर चढले, फळी करकरली, आजोबांनी त्यांना मागून सदऱ्याला धरलं. हुकूम सुटला. माना पलीकडे वळल्या. पहिली रांग समोर आली आणि बारीकराव आणखी पुढे वाकले.

त्या मानांवर चौकोनी रेघ नव्हती. केस खाली येता येता कमी होत होत कातडीत विरून गेले होते. कुठे संपले ते बोट ठेवून दाखवता येऊ नये असे. आणि कानामागे वस्तरा वरून खाली नव्हता आणलेला, खालून वर नेला होता, त्यामुळे तिथे एक बारीकशी वळणदार कड उठली होती. असं या शहरात कुणी करत नाही. वेळ फार जातो आणि गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही, कारण स्वतःच्या कानामागे कोण बघतो? बारीकरावांना त्यांच्या गुरूनं हे शिकवलं होतं, आणि त्यांनी सुट्टीच्या दिवसांत समोर बसवून आणखी एकालाच दाखवलं होतं. तो तेव्हा जांभया देत होता.

एक मान, दुसरी मान, अख्खी रांग. हा आपला हात आहे, त्यांना कळलं. आपण न कापलेल्या मानांवर आपला हात.

त्यांचे डोळे भरून आले, पण बारीकराव तेवढ्यात कामालाही लागले. एवढ्या सगळ्यांची मान पोरानं कापली असेल, तर एकाची तो कापू शकणार नाही. स्वतःची. कितीही तयारीचा कारागीर असो, आपली मान आपल्याला कापता येत नाही, ती दुसऱ्याच्या हवाली करावी लागते. म्हणजे शोधायची ती वाईट कापलेली मान. ती दुसऱ्या रांगेत होती, त्यांच्याकडून तिसरी. एका बाजूला खाली घसरलेली, मधेच पायरी पडलेली, कानामागे तर झुडूपच राहून गेलेलं.

"तो," बारीकराव म्हणाले. "दुसऱ्या रांगेत. उंदरानं कुरतडल्यासारखी मान आहे ना, तो."

"माझ्या पोराच्या मानेला नावं ठेवू नका," बायको म्हणाली, आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं. "कशावरून तोच?"

"बाकीच्या सगळ्यांच्या त्यानं कापल्यात. बघ ना. माझं काम आहे ते."

तिनं पाहिलं. माना तिला कळत नव्हत्या, पण टोपीखालून बाहेर आलेले दोन कान कळले. ते तिच्या वडिलांचे होते, जसेच्या तसे, वाऱ्याला अडतील असे. "कान," ती म्हणाली आणि तिनं नवऱ्याचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यांना टाळ्या वाजवता येईनात. मग दोघांनी मिळून एकेका हातानं टाळी वाजवली, तिचा उजवा, त्यांचा डावा. ती काही नीट वाजली नाही.

पण बारीकरावांना आणखी एक गोष्ट दिसली होती. सगळ्या माना पलीकडे वळून दगडासारख्या थांबल्या होत्या, आणि ती एक मान किंचित हलत होती. थोडी पुढे, थोडी मागे. जाईपर्यंत. शिस्तीत बसत नव्हतं ते, एखाद्या अधिकाऱ्यानं पाहिलं असतं तर शिक्षाच.

"शोधतोय," बारीकराव म्हणाले आणि फळीवरून खाली उतरले. "आपल्याला तिकडे शोधतोय तो. त्याला वाटतंय आपण आलोच नाही."

बायकोचं हसू गेलं. ती काही बोलायच्या आत आजोबांनी काठी उचलली. "ट्रक मागच्या मैदानात उभे असतात," ते म्हणाले. "घरच्यांना आत सोडत नाहीत. पण मला सोडतात. आणि माझ्याबरोबर कोण आहे ते अजून तरी कुणी विचारलेलं नाही. चला, बँडच्या मागोमाग गेलो तर मिळतील."

आणि मग तिघं निघाले. पुढे बिल्ले वाजवत आजोबा, त्यांच्या मागे घामाघूम बारीकराव, त्यांच्या मागे चपला हातात घेऊन बायको. आजोबांचा पाय अजूनही ढोलाच्या ठोक्यावर पडत होता आणि बारीकरावांचाही नकळत तसाच पडायला लागला. वाटेत लोक आजोबांना बघून बाजूला होत आणि टाळ्या वाजवत. त्यातल्या काही टाळ्या बारीकरावांना मिळाल्या. त्यांनीही त्या नाकारल्या नाहीत. मैदानाच्या फाटकावरच्या शिपायानं आजोबांना सलाम ठोकला आणि मागच्या दोघांकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

मैदानात आनंदीआनंद होता. काम फत्ते झालेल्या माणसांचा असतो तसा. टोप्या उतरल्या होत्या, बटणं सैल झाली होती, पोरं नळाखाली डोकी घालत होती, एकमेकांच्या नकला करत होती. लाल गोंडेवाले एका ट्रकपाशी होते. त्यांतला एकजण बाजूला उभा होता, फाटकाकडे पाठ करून, हातात पाण्याचा मग. मित्र काही बोलले तर मान हलवत होता, पण हसत नव्हता. ती मान ओळखायला आता बारीकरावांना काही शोधावं लागलं नाही.

ते त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. हाक मारायची होती. पण इतक्या महिन्यांत त्यांनी पोराला सरळ अशी एकही हाक मारली नव्हती, आणि आवाज कुठून काढायचा तेच त्यांना आठवेना. तेव्हा हातानं आपलं काम केलं. खुर्चीत बसलेल्याची मान पुढे हवी असली की तोंडानं कुणी सांगत बसत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला चार बोटं ठेवायची आणि अंगठ्यानं हलकेच दाबायचं. बारीकरावांनी तसं दाबलं.

पोरगा दचकला नाही. मागे वळला नाही. त्याचं डोकं त्या अंगठ्याखाली अगदी सहज, सवयीनं पुढे झुकलं, हनुवटी छातीला लागली आणि मग हातातल्या मगातलं पाणी हिंदकळून बुटांवर सांडलं.

"बाबा," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"हलू नकोस," बारीकराव म्हणाले. आवाज सापडला होता, जरा जाडा झाला होता एवढंच. "कोणी कापली ही?"

"आमच्या स्वयंपाक्यानं. माझी मला येईना."

"आणि बाकीच्यांची?"

मित्र हातातली कामं टाकून बघत होते. "मी," तो म्हणाला. "छावणीतला कारागीर चौकोनी रेघ मारतो, बाबा. मला बघवत नाही ती."

बारीकरावांना काय झालं ते त्यांनाच सांगता आलं नसतं. त्यांना रडू येत होतं, हसू येत होतं, आणि त्याच वेळी ते बोटानं ती कानामागची झुडपं चाचपत होते, कुठून सुरुवात करावी लागेल ते बघत. मन भरून गेलं होतं. एवढं सुख त्यांना उभ्या आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते लपवायची त्यांनी खटपटही केली नाही.

"मी सगळीकडे शोधलं," पोरगा खाली मानेनंच म्हणाला. "सगळी उजवी बाजू. मला वाटलं, तुम्ही आला नाहीत. तुम्ही अजून रागावलाय."

"आलो होतो. डाव्या बाजूला होतो."

"डाव्या? का?"

"ते तू त्यांनाच विचार," आई पुढे होत म्हणाली. चपला तिनं कुठेतरी टाकल्या होत्या. "मी काही सांगणार नाही. आणि अहो, झाली असेल तपासून तर ती मान सोडा आता. मला त्याचं तोंड बघायचंय."